सातबाराचा रकाना : एका सार्वजनिक डेटाबेसच्या रचनेची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत डेटाबेस-रचना हा विषय बहुधा कर्मचारी आणि विभाग, विद्यार्थी आणि विषय, ग्राहक आणि मागणी अशा ठरीव उदाहरणांच्या आधारे शिकवला जातो. ही उदाहरणे विद्यार्थ्यांना सोपी वाटतात, कारण कर्मचारी कोणाला म्हणावे हा प्रश्न तेथे आधीच सुटला आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष संस्थेत मात्र असा प्रश्न आपोआप सुटत नाही. कोणीतरी, कोणत्यातरी काळी, स्वतःच्या सोयीसाठी त्याचे एक उत्तर देऊन ठेवलेले असते आणि ते उत्तर रकान्याच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. रकाना भरणाऱ्याला तो निर्णय वाटत नाही. त्याला तो नुसता नमुना वाटतो.

या दृष्टीने गाव नमुना सात-बारा, म्हणजेच आपला सर्वपरिचित सातबारा उतारा, याची चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा अभिलेख निवडण्याचे कारण उघड आहे. ग्रामीण महाराष्ट्रात त्याच्याइतका लोकांच्या रोजच्या बोलण्यात आलेला दुसरा शासकीय कागद नाही. आणि त्याचे हस्तलिखित व संगणकीय असे दोन्ही अवतार आपल्या पिढीने पाहिले आहेत. संगणकीकरणाविषयीची आजवरची चर्चा मुख्यतः दोन बाजूंनी झाली. एका बाजूने उतारा घरबसल्या मिळू लागल्याचे कौतुक झाले, तर दुसऱ्या बाजूने संगणकावर चढलेल्या चुकांबद्दल तक्रार झाली. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. सारा वसुलीसाठी आखलेल्या नमुन्याचे रकाने, त्यांचा मूळ हेतू न तपासता, मालकी ठरवण्याच्या आणि शासकीय लाभ वाटण्याच्या कामाला जुंपले गेले, हा या डेटाबेसचा खरा दोष होय, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दप्तर आणि प्रतिमान

आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे गणिती एडगर एफ. कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक प्रतिमानाची मांडणी केली. माहिती सारण्यांत मांडावी, प्रत्येक नोंद तिच्या निश्चित ओळखीने, म्हणजे कीने, शोधता यावी आणि ती यंत्रात कोठे साठवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसावे, असे त्या मांडणीचे स्थूल स्वरूप आहे. प्रसामान्यीकरणाचा विचार त्यातूनच पुढे आला. एकच वस्तुस्थिती दोन ठिकाणी लिहिली की आज ना उद्या त्या दोन ठिकाणांत विसंगती शिरते. म्हणून ती एकाच ठिकाणी लिहावी, हे त्याचे सार होय.

तलाठ्याचे जुने दप्तर या निकषावर तपासले तर त्याचे गुणदोष स्पष्ट दिसतात. हक्कनोंदणीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला आणि पुढे अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेने गाव नमुन्यांची एकवीस क्रमांकांची व्यवस्था स्थिर केली. नमुना सात जमिनीच्या तुकड्यानिहाय लिहिला जातो : अमुक गटात कोण कोण. नमुना आठ-अ खातेदारनिहाय लिहिला जातो : अमुक खातेदाराची जमीन कोठे कोठे. वस्तुस्थिती एकच, परंतु ती दोन वह्यांत हाताने उतरवली जात असे. सातवर नाव चढले आणि आठ-अवर चढायचे राहिले, असे प्रकार सर्रास होत. संगणकीय व्यवस्थेत आठ-अ हा सातवरूनच तयार होतो. हा खरा लाभ आहे आणि तो कॉड यांच्या विचाराचा थेट लाभ आहे.

नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही तर जुन्या दप्तरातील सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना म्हणावी लागेल. सातवरील प्रत्येक नावाशेजारी ते कोणत्या फेरफाराने आले त्याचा क्रमांक असतो. नोंद आधी धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी अवधी दिला जातो आणि त्यानंतरच ती प्रमाणित होते. जुने नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आजची स्थिती एका जागी आणि ती कशी झाली याचा इतिहास दुसऱ्या जागी, हे तत्त्व आधुनिक डेटाबेसप्रणाल्या व्यवहार-नोंदीच्या रूपाने पाळतात. आपल्या गावकामगारांना ते संगणकाच्या कितीतरी आधीपासून अंगवळणी पडले होते. २०२० साली सातबाराचे स्वरूप सुधारताना प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक उताऱ्यावरच दाखवण्याची सोय झाली, तीही याच परंपरेला धरून आहे.

मग आक्षेप कोठे आहे? विल्यम केंट यांनी १९७८ साली ‘डेटा अँड रिअॅलिटी’ हे पुस्तक लिहिले. सारण्या कशा जोडाव्यात याहून ‘एक वस्तू’ कशाला म्हणावे हा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचे उत्तर वस्तूत नसून वापरणाऱ्याच्या प्रयोजनात असते, हा त्या पुस्तकातील विचाराचा गाभा आहे. सातबाराच्या दृष्टीने ‘एक वस्तू’ म्हणजे जमिनीचा तुकडा आणि त्याच्या साऱ्याला जबाबदार असणारे खाते. महसुली प्रशासनाला एवढे पुरत होते. साऱ्याची रक्कम कोणाकडून घ्यायची हे कळले की काम भागे. घरातील बाकीच्यांचा त्या जमिनीशी काय संबंध, याची विचारपूस करण्याचे त्याला कारण नव्हते.

त्यातूनच ‘एकुमॅ’ ही संक्षेपाक्षरे आली. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एका भावाचे, बहुधा थोरल्याचे, नाव लागे आणि बाकीचे त्या अक्षरांत सामावले जात. तेच ‘अपाक’चे : अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव. मूल सज्ञान झाले तरी शेरा काढण्यासाठी कोणी अर्ज केला नाही तर चाळीस वर्षांचा गृहस्थही कागदावर अज्ञानच राहतो. वयाचा रकानाच नसल्यामुळे हे यंत्राला स्वतःहून कळण्याचा मार्ग नाही. सामाईक खात्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. नावे एकाखाली एक येतात आणि क्षेत्राच्या जागी ‘सामाईक क्षेत्र’ एवढेच शब्द असतात. कोणाचा हिस्सा किती, हे न लिहिताही नोंद पूर्ण मानली जाते. साऱ्यासाठी ती पूर्ण असतेच. वाटणीसाठी किंवा कर्जासाठी ती पूर्ण असत नाही.

‘इतर हक्क’

नमुना सातच्या उजव्या बाजूला कुळ, खंड व इतर अधिकार यांचा रकाना आहे. बोलीत त्याला ‘इतर हक्क’ म्हणतात. या एका रकान्यात काय काय येते ते पाहण्यासारखे आहे : सोसायटीच्या व बँकेच्या कर्जाचा बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कुळाचे नाव, हस्तांतरणावरील निर्बंध, संपादनाचा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम, विधवेचा पोटगीचा हक्क. आणि अनेक उताऱ्यांवर, बहिणींची नावे.

डेटाबेस-रचनेच्या परिभाषेत हा मुक्त मजकुराचा रकाना होय. अशा रकान्यात माणूस काहीही लिहू शकतो आणि यंत्र त्यातले काहीही समजू शकत नाही. पाठ्यपुस्तके अशा रकान्याविषयी सावध करतात ती शोध घेणे अवघड होते म्हणून. सातबाराच्या बाबतीत परिणाम याहून दूरवर जातो. वडील वारल्यावर वारसनोंद होते. मुलगे भोगवटादार सदरी जातात आणि मुली, विशेषतः लग्न झालेल्या, इतर हक्कात. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासून मुलगी ही मुलाप्रमाणेच पहिल्या वर्गाची वारस आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तिला सहदायादत्वाचा अधिकार दिला, आणि २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. कायद्यात तिला भावापासून वेगळे काढणारा कोणताही वर्ग उरलेला नाही. नमुन्यात मात्र वर्ग होता आणि लिहिणाऱ्याने त्याचा उपयोग करून घेतला.

बहिणीचे नाव इतर हक्कात असल्याने तिचा हिस्सा कायद्याने बुडत नाही, हे खरे. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सिद्ध करण्याचा भार जिचे नाव चुकीच्या जागी आहे तिच्यावर पडतो. शिवाय आठ-अ तयार होतो तो भोगवटादार सदरावरून. इतर हक्कातली बहीण तेथे येत नाही. जी आठ-अवर नाही ती बँकेच्या लेखी खातेदार नाही, आणि जी खातेदार नाही ती अनेक शासकीय योजनांच्या लेखी शेतकरीच नाही. विसंगती टाळण्यासाठी केलेली आठ-अची व्यवस्था, जी वर गुण म्हणून नोंदवली, तीच हे वगळणे आता एकाही चुकीवाचून करत राहते. हस्तलिखित काळात एखाद्या तलाठ्याने निदान चुकून तरी बहिणीचे नाव आठ-अवर घेतले असते.

रकाना बदलला तर काय होते याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा पत्नीचे नाव पतीच्या हयातीतच सातबारावर लावण्याचा आग्रह होता, आणि १९९२ साली शासनानेही त्याला अनुकूल निर्णय काढला. त्या चळवळीने जमीनधारणेवर लांबलचक प्रबंध लिहिले नाहीत. नाव कोणत्या रकान्यात लागते यावर तिने बोट ठेवले. डेटाबेसच्या अभ्यासकांनी ही गोष्ट चळवळीच्या इतिहासाकडे सोपवून मोकळे होऊ नये.

कसणाऱ्याचा रकाना

एक रकाना असाही आहे की जो नाहीसा झाला. जुन्या उताऱ्यांवर नमुना बाराच्या बाजूला ‘जमीन करणाराचे नाव’ आणि ‘रीत’ असे रकाने आढळतात. जमीन कोणाची आणि ती करतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत याची ती कबुली होती. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनंतर या रकान्याला वेगळेच वजन आले. तेथे कोणाचे नाव लागते यावर जमीन राहते की जाते हे ठरू लागले, आणि तलाठ्याच्या हाती नको एवढी सत्ता आली. आजच्या उताऱ्यावर हे रकाने नाहीत. जो रकाना लिहिला जाण्याची भीती असते तो भरला तरी खोटाच भरला जातो, हे ध्यानात घेता तो काढण्यामागचे तर्कशास्त्र समजू शकते. परंतु त्याचा परिणाम असा की अर्धेलीने वा बटाईने करणारा माणूस राज्याच्या या सर्वांत मोठ्या शेतीविषयक नोंदसंग्रहात कोठेच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. पीक कोणते आणि क्षेत्र किती हे त्यातून समजते. पेरणारा हात कोणाचा हे समजत नाही, कारण नोंद खात्याशी जोडलेली आहे.

बंधनाचा विचारही येथेच केला पाहिजे. डेटाबेसमध्ये अमुक प्रकारची नोंद स्वीकारायचीच नाही असे बंधन घालता येते आणि ते रचनेचे सामर्थ्य मानले जाते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या हस्तांतरणास मनाई केली. शहरांलगतच्या गावांत त्यामुळे गुंठ्या-गुंठ्यांचे व्यवहार थांबले असे दशकानुदशके झाले नाही. थांबली ती त्यांची नोंद. मुद्रांकावर लिहून दिलेल्या कागदांवर वस्त्या उभ्या राहिल्या आणि सातबारावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहिले. बंधनामुळे सारणी शुद्ध राहिली आणि त्याच प्रमाणात ती खोटी झाली.

चावडी वाचन

संगणकीय आणि हस्तलिखित सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. गावात उतारे मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याची चूक असेल त्याने ती सांगायची, असे तिचे स्वरूप होते. माहितीची शुद्धता तपासण्याच्या ज्या पद्धती पुस्तकांत सांगितल्या जातात त्यांत ही बसत नाही, पण प्रस्तुत लेखकाला ती फार मोलाची वाटते. नोंद खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार क्षणभर का होईना, ज्यांच्याविषयी नोंद आहे त्यांच्याकडे गेला. कागदावरील ‘रामा’ आणि आधारकार्डावरील ‘रामचंद्र’ हे एकच, हे संगणकाला सांगता येत नाही. चावडीत ते सर्वांना ठाऊक असते.

तरीही या मोहिमेची मर्यादा तिच्या हेतूतच होती. संगणकावरील नोंद हस्तलिखिताशी जुळते का, एवढाच प्रश्न विचारला गेला. हस्तलिखित नोंद वस्तुस्थितीशी जुळते का, हा प्रश्न त्यात नव्हता. इतर हक्कातील बहीण हस्तलिखितातही इतर हक्कातच होती. म्हणून ती नोंद अचूक ठरली. आणि चावडीत वाचन होत असताना ती सासरच्या गावी होती, हेही विसरता येत नाही.

एका संस्थेचा डेटाबेस, दुसऱ्या संस्थेचे काम

२०१९ साली पीएम-किसान योजना आली. पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले, अशी तिची व्याख्या आहे. योजनेचा घटक कुटुंब, आणि आधार भूमिअभिलेखाचा. पण भूमिअभिलेखाला कुटुंब माहीतच नाही! त्याला खाते माहीत आहे. कुटुंब माहीत असते ते शिधापत्रिकेला, आणि तिचे कुटुंब चुलीवरून ठरते. एका व्याख्येचे उत्तर दुसऱ्या व्याख्येच्या सारणीतून काढायचे म्हटले की मधली दरी कोणीतरी हाताने भरावी लागते : स्वयंघोषणापत्राने, तलाठ्याच्या दाखल्याने किंवा नुसत्या अंदाजाने. स्वतःच्या नावावर जमीन नसलेले कूळ आणि वाटेकरी तर या योजनेच्या कक्षेबाहेरच आहेत. ही उणीव केवळ धोरणाची म्हणून सोडून देता येणार नाही. ज्याची नोंद कोठेच नाही त्याला लाभ द्यायचे ठरवले तरी तो देणार कसा, हा प्रश्न धोरण आखणाऱ्यापुढे असतोच, आणि तो रचनेने निर्माण केलेला असतो.

मृत खातेदारांचा विषय याच जातीचा आहे. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायतीत होते. सातबारा महसूल खात्याचा. दोन्ही कचेऱ्या कित्येक गावांत हाकेच्या अंतरावर असतात, पण मृत्यूच्या नोंदीतील माणूस आणि सातबारावरील माणूस एकच हे सांगणारी सामाईक की दोहोंत नाही. वारसांनी स्वतः येऊन कळवावे, अशी संहितेची अपेक्षा आहे. भावाभावांत वाद असेल, कोणी मुंबईला असेल, किंवा नुसताच कंटाळा असेल, तर आजोबा कागदावर जिवंत राहतात. २०२५ साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. मोहीम स्वागतार्हच आहे. पण जे काम मोहिमेने करावे लागते ते रचनेत नाही, हे त्यातून सिद्ध होते; आणि मोहीम संपल्यानंतर होणाऱ्या मृत्यूंचे काय, हा प्रश्न राहतो.

पर्यायी आराखडा

भूमिप्रशासनासाठी आयएसओ संस्थेने २०१२ साली १९१५२ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा गाभा असा की व्यक्ती आणि जमिनीचा तुकडा यांच्या मधोमध हक्क, निर्बंध व जबाबदारी यांची स्वतंत्र सारणी असावी. हक्क हा कोणाच्या तरी नावापुढचा शेरा राहत नाही; त्याला स्वतःचा प्रकार, हिस्सा, आधार आणि कालावधी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक यंत्रणेच्या पुढाकाराने याच प्रतिमानाचे एक रूप सामाजिक भूधारणेसाठी तयार झाले. त्यात लेखी मालकी नसलेल्यांचे, तोंडी कराराचे आणि वहिवाटीचे संबंधही नोंदवता येतात. या आराखड्यात ‘इतर’ नावाची अडगळीची खोली उरत नाही. बहिणीचा हिस्सा आणि भावाचा हिस्सा एकाच सारणीत, एकाच प्रकाराच्या दोन ओळी म्हणून येतात. बँकेचा बोजा वेगळ्या प्रकाराची ओळ म्हणून येतो. भोगवटादार आणि इतर हक्कदार हा भेद लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही, कारण तो भेद लिहिण्याची जागाच नसते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रचनेचा स्वाध्याय म्हणून कर्मचारी-विभागाऐवजी एखादा खराखुरा सातबारा आणि त्याचे चार फेरफार द्यावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते. बारा वारस, दोन विहिरी, एक अपाक आणि एक बोजा असलेला गट तिसऱ्या प्रसामान्य रूपात मांडून दाखवणे हे सोपे काम नाही. आणि ते करताना राज्यशास्त्राच्या व विधीच्या प्राध्यापकांकडे जावेच लागेल.

अर्थात नव्या आराखड्याने सर्व काही साधेल असा दावा नाही. हक्कसोडपत्राचे उदाहरण घेऊ. बहीण दुय्यम निबंधकांपुढे सही करते, दस्त नोंदवला जातो, फेरफार होतो, नावाला कंस पडतो. कोणत्याही आराखड्यात ही प्रक्रिया निर्दोष दिसेल : दस्त क्रमांक आहे, दिनांक आहे, सही आहे. मोबदला बहुधा काहीच नसतो आणि तसे दस्तातच लिहिलेले असते. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही आणि राजीखुशीने केलेली सही यांत फरक करणारा रकाना आखता येणार नाही. पण एखाद्या तालुक्यात वर्षभरात किती हक्कसोडपत्रे झाली, त्यांतील सोडणाऱ्या किती स्त्रिया होत्या आणि किती जणींना मोबदला मिळाला, हे एका आज्ञेसरशी मोजता येईल अशी रचना करणे शक्य आहे. फेरफाराचा प्रकार आणि पक्षकाराचे लिंग एवढे दोन रकाने, आणि मोबदल्याचा एक आकडा, त्यासाठी पुरेसे आहेत.